तुम्ही कोणत्या संघाचे?

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरील मेलबर्न शहरांत कोणी नवखा मनुष्य राहावयास गेला, म्हणजे आठ-पंधरा दिवसांच्या आंत शेजारी त्याला एक प्रश्न हटकून विचारतो. धर्म, पगार, घराचें भाडें यांची चौकशी करणें तेथें असभ्यपणाचें समजतात, पण "तुम्ही कोणत्या संघाचे?" ही चौकशी अगदीं सभ्य, किंबहुना आवश्यक समजली जाते. प्रश्न फुटबॉलचा असतो, आणि "त्यांतलें फारसें कांहीं कळत नाहीं" हें उत्तर उत्तर म्हणून धरलें जात नाहीं. बिचाऱ्याला कोणता तरी एक संघ पत्करावा लागतो, आणि एकदां पत्करला कीं तो बदलण्याची सोय नाहीं. त्या शहरांत आतां मराठी कुटुंबेंही बरींच आहेत. त्यांच्या मुलांनाही हा प्रश्न शाळेच्या पहिल्या आठवड्यांतच गांठतो.

जुन्या घराण्यांतून तर संघ निवडण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. आपल्याकडे कुलदैवत जसें कोणी निवडीत नाहीं, तें असतेंच, तसा तेथें घराण्याचा संघ असतो. बाळाचें नांव ठरण्यापूर्वीं त्या संघाच्या रंगांची लोकरी टोपी विणून तयार असते. नवरा एका संघाचा आणि बायको दुसऱ्या संघाची असली, म्हणजे मुलें कोणाच्या कुळांत जावयाचीं याबद्दल घरांतल्या घरांत तह करावे लागतात. अशा या संघाभिमानी माणसाचीं मतें हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे. तीं ऐकून प्रथम हंसूं येईल. परंतु या मतांनींच तेथील कांहीं क्लब मरणाच्या दारांतून परत आणले, आणि जेथें तीं तोकडीं पडलीं तेथें शंभर वर्षांहून जुना असा एक क्लब बुडाला, हेंही लक्षांत ठेवावयास हवें.

प्रथम हा खेळ कोणता तें सांगितलें पाहिजे; कारण फुटबॉल म्हटल्याबरोबर आपल्या डोळ्यांपुढें जो खेळ उभा राहतो तो हा नव्हे. इंग्लंडांतील रग्बी येथील शाळेंत शिकून परत आलेला टॉम विल्स नांवाचा एक तरुण क्रिकेटपटु मेलबर्नमध्यें होता. १८५८ च्या जुलैमध्यें त्यानें एका क्रीडाविषयक वृत्तपत्राला पत्र लिहून असें सुचविलें कीं, हिंवाळ्यांत क्रिकेटपटूंचीं शरीरें शिथिल होतात, तरी त्यांनीं एखादा फुटबॉल क्लब काढावा म्हणजे अंगांतील चपळाई टिकेल. पुढील वर्षाच्या मे महिन्यांत त्यानें व त्याच्या मित्रांनीं या खेळाचे नियम कागदावर उतरविले. इंग्लंडांत असोसिएशन फुटबॉलचे नियम झाले ते १८६३ सालीं. हा चार वर्षांच्या वडीलकीचा मान मेलबर्नचा मनुष्य कधीं विसरत नाहीं, आणि दुसऱ्यालाही विसरूं देत नाहीं.

हिंवाळ्यांत मोकळीं पडणारीं क्रिकेटचीं मैदानें पुढें या खेळाला मिळालीं. म्हणून आजही तो लंबवर्तुळाकार मैदानावर खेळतात. मैदानाची लांबी-रुंदी सर्वत्र सारखी नसते, आणि तें कोणाला खटकतही नाहीं. प्रत्येक बाजूस अठरा खेळाडू असतात. चेंडू अंडाकृति असतो. तो हातांत धरून पळतां येतें, पण दर पंधरा मीटरांच्या आंत तो एकदां जमिनीवर आपटून घ्यावा लागतो. सहकाऱ्याकडे द्यावयाचा तर एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनें ठोसावा लागतो; फेंकलेला चालत नाहीं. लाथेनें दूर उडविलेला चेंडू कोणी अधांतरीं झेलला, कीं त्याला निर्वेध फटका मारण्याचा हक्क मिळतो. या झेलासाठीं खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर गुडघा टेकून उंच उसळी घेतात, आणि तो एक क्षण पाहण्यासाठींच अर्धे लोक मैदानावर आलेले असतात.

दोन्ही टोंकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण. मधला व कडेचा यांमधून गेला तर एक गुण. म्हणजे नेम चुकल्याबद्दलही एक गुण मिळतो! परक्या माणसाला याची गंमत वाटते. तो हंसला, कीं त्याला सेंट किल्डाची हकीकत ऐकवितात. समुद्रकाठच्या या उपनगराचा संघ तक्त्याच्या तळाशीं इतर कोणत्याही संघापेक्षां अधिक वेळां गेलेला आहे. १९६६ च्या अंतिम सामन्यांत कॉलिंगवुडशीं बरोबरी असतां, अगदीं शेवटीं शेवटीं बॅरी ब्रीन याचा एक फटका वेडावांकडा उसळत कडेच्या खांबांमधून गेला, आणि ७४ विरुद्ध ७३ अशा एका गुणानें सेंट किल्डा जिंकलें. त्या क्लबाचें तें पहिलें आणि आजवरचें एकुलतें एक अजिंक्यपद. चुकलेल्या नेमानें मिळालेल्या या वैभवावर त्या संघाचे लोक साठ वर्षें जगत आले आहेत. २०१० सालीं त्यांनीं अंतिम सामना बरोबरींत सोडविला आणि पुढील आठवड्यांत फेरसामना ते हरले. तरी दर शरद ऋतूंत, मोसम सुरू होतांना, यंदां आपलेंच वर्ष आहे असें मानणारा मनुष्य पाहावयाचा तर तो सेंट किल्डाचा पाहावा.

इतर संघांविषयींचीं मतें समजण्यासाठीं शहराची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. १८९६ सालीं आठ क्लबांनीं व्हिक्टोरियन फुटबॉल लीग स्थापन केली. १९२५ पासून ते बारा झाले. या बारांपैकीं जीलाँग सोडलें तर बाकीचे सारे एका मेलबर्न शहराचे! पुण्यांत पेठापेठांनीं आपापले संघ काढावे आणि पन्नास-साठ वर्षें दर शनिवारीं एकमेकांशीं झुंजावें, तशांतला तो प्रकार होता. ट्रामनें पांच-सात थांबे गेलें कीं शत्रूचा मुलूख लागे. अर्थात् संघाविषयींचें मत हें त्या वस्तीविषयींचें मत असे. कॉलिंगवुड म्हणजे बुटांचे कारखाने, चामड्याच्या टाक्या आणि दारिद्र्य. म्हणून तेथल्या लोकांना आपल्या काळ्यापांढऱ्या संघाचा जो अभिमान, त्याला तोड नाहीं. १९२७ पासून सलग चार वर्षें अजिंक्यपद मिळवून त्यानें मंदीच्या तोंडावर त्या गरीब वस्तीला ताठ मानेनें चालावयास लाविलें. बाकीच्या शहराला मात्र तोच संघ डोळ्यांत सलतो. ज्याचा स्वतःचा संघ स्पर्धेंतून बाद झाला आहे, तो उरलेले सामने "कॉलिंगवुडविरुद्ध जो कोणी असेल तो" या पक्षाचा होऊन पाहतो. १९७० सालीं १,२१,६९६ प्रेक्षकांसमोर कॉलिंगवुड मध्यंतरास ४४ गुणांनीं पुढें होतें आणि कार्ल्टननें त्याला १० गुणांनीं हरविलें. त्या दिवसाचें वर्णन कार्ल्टनच्या घराण्यांत आजोबा नातवंडांना सांगतात. कॉलिंगवुडच्या घराण्यांत तें साल कोणी उच्चारीत नाहीं.

मेलबर्न नांवाचाच जो संघ, तो सर्वांत जुना. टॉम विल्सच्या क्लबाचा वारस. त्याचे अभिमानी म्हणजे बड्या क्रिकेट क्लबाचे सभासद, हिंवाळ्यांत सामना टाकून बर्फावर घसरावयास डोंगरांत जाणारे, अशी इतरांची थट्टा. या थट्टेंत तथ्य कितीसें असेल तें असो. १९६४ नंतर अजिंक्यपदासाठीं या तथाकथित सुखवस्तूंना २०२१ पर्यंत वाट पाहावी लागली, आणि तें मिळालें तेव्हां साथीच्या निर्बंधांमुळें अंतिम सामना दूर पर्थ येथें खेळला गेला. सत्तावन्न वर्षें वाट पाहिलेल्यांना तो घरीं बसून पाहावा लागला. रिचमंडचें नशीब त्याहून बरें. सदतीस वर्षांनंतर २०१७ सालीं तो संघ जिंकला तेव्हां मैदान त्याच्या वस्तीला लागूनच होतें, आणि स्वान स्ट्रीट रात्रभर माणसांनीं भरून वाहत होती.

येथें एका शब्दाची गंमत सांगण्यासारखी आहे. संघाची बाजू घेऊन ओरडण्याला मेलबर्नमध्यें बॅरॅकिंग म्हणतात. हाच शब्द इंग्लंडांत खेळाडूची हुर्यो करणें या अर्थीं वापरतात. दोन्ही अर्थ एकाच घशांतून निघतात, हें त्या शहराच्या इतिहासानें दाखविलें आहे. १९९३ च्या एप्रिलांत कॉलिंगवुडच्या मैदानावर सेंट किल्डाचा निकी विन्मार हा आदिवासी खेळाडू सारा दिवस प्रेक्षकांच्या वर्णद्वेषी शिव्या ऐकत खेळला. सामना जिंकल्यावर तो त्याच प्रेक्षकांसमोर उभा राहिला, अंगांतील जर्सी वर उचलली आणि आपल्या काळ्या कातडीकडे बोट दाखविलें. तें छायाचित्र देशभर गाजलें. २०१९ सालीं त्याच पवित्र्यांतील त्याचा पुतळा पर्थच्या क्रीडांगणाबाहेर उभारला गेला. पण मधल्या काळांत शहाणपण कितीसें वाढलें? सिडनी संघाचा अॅडम गुड्स हाही आदिवासी; दोन वेळां लीगचें सर्वोच्च वैयक्तिक पदक मिळविलेला. २०१३ सालीं एका सामन्यांत प्रेक्षकांतून आलेल्या वर्णद्वेषी शब्दाकडे त्यानें बोट दाखविलें. तेव्हांपासून त्याच्यावरील लोकांचा रोष वाढत गेला, आणि २०१५ सालीं तर मैदानामागून मैदानावर, चेंडू त्याच्या हातीं येतांच हजारों लोक त्याची हुर्यो करीत. त्यांतील कित्येक म्हणत कीं, आमचा राग त्याच्या खेळावर आहे, रंगावर नव्हे. हें मत टिकण्यासारखें नव्हतें. गुड्सनें त्या मोसमाच्या अखेरीस खेळ सोडला. लीगनें व अठराही क्लबांनीं त्याची जाहीर क्षमा मागितली ती २०१९ सालीं, म्हणजे चार वर्षें उशिरा. संघाभिमानाचें कौतुक करणाऱ्यानें हें पान उलटून पुढें जाऊं नये.

दुसऱ्या खेळांविषयीं या माणसाचीं मतें थोडक्यांत सांगतां येतील, कारण तीं त्याच्याजवळ थोडक्यांतच आहेत. सिडनी व ब्रिस्बेन येथें रग्बीचें राज्य आहे. देशाचे हे दोन भाग करणाऱ्या काल्पनिक रेषेला इयन टर्नर या इतिहासकारानें १९७८ सालीं रॉन बरासी या प्रसिद्ध फुटबॉलपटूचें नांव दिलें. रेषेच्या अलीकडील मनुष्याच्या मतें रग्बी म्हणजे जाड माणसांनीं एकमेकांवर आदळणें. पलीकडील माणसाच्या मतें मेलबर्नचा खेळ म्हणजे हवेंतली धांवपळ. घोड्यांच्या शर्यतीविषयीं मतभेद नाहीं. १८६१ पासून चालत आलेल्या मेलबर्न कपच्या दिवशीं, नोव्हेंबरांतील पहिल्या मंगळवारीं, सारें शहर सुटी घेतें. टेनिस जानेवारींत येतो आणि पाहुण्यासारखा निघून जातो. ज्या खेळांत आजोबांपासूनचें वैर नाहीं त्यांत जीव कसा गुंतावा, असें त्या बाबतींत अभिमान्याचें म्हणणें.

जगांत ज्याला फुटबॉल म्हणतात त्या सॉकरविषयींचें मत मात्र अधिक कडवट, आणि त्याला कारण खेळाबाहेरचें. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रीस, इटली, युगोस्लाविया येथून जे लोक आले त्यांनीं आपले सॉकर क्लब काढले. साउथ मेलबर्नच्या ग्रीक क्लबाला हेलास असें नांव होतें. तेव्हां जुने रहिवासी सॉकरला परक्यांचा खेळ म्हणून नाक मुरडूं लागले. पण त्याच परक्यांचीं मुलें शाळेंत गेलीं, तेथें त्यांना तो अटळ प्रश्न विचारला गेला, आणि कांहीं वर्षांत इटालियन, ग्रीक व क्रोएशियन नांवें कार्ल्टन-कॉलिंगवुडच्या संघांत दिसूं लागलीं. २०२३ सालीं ऑस्ट्रेलियाच्या मुलींनीं विश्वचषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली तेव्हां तर जुन्या फुटबॉलचे कट्टर लोकही पडद्यासमोर खिळून बसले. स्वतः मेलबर्नच्या फुटबॉलला स्त्रियांची व्यावसायिक स्पर्धा सुरू करावयास २०१७ साल उजाडलें होतें, ही लाजेची गोष्ट. कारण या खेळाच्या प्रेक्षकांत स्त्रिया पहिल्यापासून मोठ्या संख्येनें होत्या. त्या स्पर्धेच्या पहिल्या रात्रीं मैदान इतकें भरलें कीं दारें बंद करावीं लागलीं.

राहिलें क्रिकेट. हा खेळ क्रिकेटच्या पोटीं जन्मला, पण उन्हाळ्यांत याच्या अभिमान्यांचा आवाज बराच खालीं येतो; तेथें सारे एका देशाच्या बाजूचे, मग भांडावयाचें कोणाशीं? तरीही दोन खेळांचें जुनें नातें एका ठिकाणीं आपल्या महाराष्ट्रापर्यंत येऊन पोहोंचतें. टॉम विल्सच्या वडिलांना व त्यांच्या बरोबरच्या अठरा माणसांना १८६१ सालीं क्वीन्सलंडमध्यें आदिवासींनीं ठार केलें होतें. असें असतां पांचच वर्षांनीं विल्सनें आदिवासी क्रिकेटपटूंचा एक संघ शिकवून तयार केला आणि १८६६ च्या नाताळांत मेलबर्नच्या मोठ्या मैदानावर उतरविला. त्याच खेळाडूंपैकीं अनेकजण १८६८ सालीं इंग्लंडला गेले. त्यांतला उत्तम खेळाडू जॉनी मुल्लाग. या मुल्लागच्या नांवाचें पदक नाताळच्या दुसऱ्या दिवशीं सुरू होणाऱ्या मेलबर्नच्या कसोटींत २०२० पासून देऊं लागले. त्याचा पहिला मानकरी, अॅडलेडला ३६ धावांत गारद झालेल्या भारतीय संघाला आठच दिवसांत सावरून शतक झळकविणारा आणि सामना जिंकून देणारा नगर जिल्ह्यांतील अजिंक्य रहाणे.

आतां मूळ मुद्याकडे. पेठापेठांचा तो संसार १९८० च्या सुमारास मोडकळीस आला. कामगार जुन्या वस्त्या सोडून दूरच्या उपनगरांत गेले. खेळाडू पगार मागूं लागले. दूरचित्रवाणीला सारा देश हवा होता, एक शहर नको होतें. क्लबांच्या प्रतिनिधींच्या हातून सत्ता निघून एका मंडळाकडे गेली. त्या मंडळाच्या हिशेबांत मेलबर्नमध्यें संघ फार झाले होते, आणि हिशेब म्हणून तें खोटेंही नव्हतें. १९८२ सालीं कर्जबाजारी साउथ मेलबर्न सहाशें मैलांच्या आसपास दूर असलेल्या सिडनीला गेलें. अभिमान्यांनीं विरोध केला तो व्यर्थ ठरला. सिडनीनें २००५ सालीं अवघ्या चार गुणांनीं अजिंक्यपद मिळविलें. साउथ मेलबर्नच्या १९३३ च्या विजयानंतर बहात्तर वर्षांनीं तें आलें. तो विजय आपला मानावा कीं नाहीं, यावर त्या जुन्या उपनगरांतील म्हाताऱ्यांत एकमत झालें नाहीं.

१९८९ च्या ऑक्टोबरांत जाहीर झालें कीं फुट्सक्रे आणि फिट्झरॉय हे दोन क्लब एक व्हावयाचे. फुट्सक्रे ही शहराच्या पश्चिमेकडील कारखान्यांची वस्ती. १९५४ सालचें एक अजिंक्यपद एवढीच तिची पुंजी. पण तेथें एक गोष्ट होती: माणसें अजून जवळ राहत होतीं. पीटर गॉर्डन या तरुण वकिलानें पुढाकार घेतला; क्लबाची एक सामान्य सभासद स्त्री न्यायालयांत फिर्यादी म्हणून उभी राहिली आणि विलीनीकरणाला मनाई मिळाली. तीन आठवड्यांत सुमारें पंधरा लाख डॉलर उभे करावयाचे होते. मग डबे घेऊन लोक दारोदार फिरले. पैसा उभा राहिला, क्लब वांचला. त्याच क्लबानें, पुढें वेस्टर्न बुलडॉग्ज असें नांव घेऊन, २०१६ सालीं तक्त्यांत सातव्या क्रमांकावरून वर येत अजिंक्यपद पटकावलें. दुखापतीमुळें खेळूं न शकलेला कप्तान बॉब मर्फी बाजूला उभा होता. शिक्षक ल्यूक बेव्हरिज यांनीं आपल्या गळ्यांतील पदक काढून त्याच्या गळ्यांत घातलें. सत्तावीस वर्षांपूर्वीं डबा घेऊन फिरलेले कित्येक लोक त्या दिवशीं मैदानावर होते. त्यांच्यापुरतें पाहिलें तर तें पदक त्यांनाही मिळालें होतें.

१९९६ सालीं पुन्हां तसाच घाट घातला गेला, या वेळीं मेलबर्न व हॉथॉर्न यांचा. सप्टेंबरांत दोन्ही क्लबांच्या सभासदांनीं मतें दिलीं. हॉथॉर्नच्या सभेंत जुना कप्तान डॉन स्कॉट यानें एकत्रित संघाची नियोजित जर्सी हातांत घेतली आणि तिच्यावर चिकटविलेला बहिरी ससाणा सर्वांदेखत ओढून काढला; खालीं उरली ती निव्वळ मेलबर्नची जर्सी. हॉथॉर्न म्हणून जें कांहीं तुम्हांला देऊं करीत आहेत तें असें सुटणारें आहे, हें त्यानें शब्दांवांचून दाखविलें. मेलबर्ननें थोड्या मतांनीं होकार दिला, हॉथॉर्ननें ठाम नकार दिला, बेत बारगळला. जो क्लब तेव्हां संपावयाचा होता त्यानें त्यानंतर चार अजिंक्यपदें मिळविलीं.

आणि फिट्झरॉय? १८८३ चा क्लब, आठ अजिंक्यपदांचा धनी. त्यांतलें १९१६ चें तर विलक्षण. युद्धामुळें त्या वर्षीं चारच संघ खेळत होते. फिट्झरॉय तक्त्यांत चौथें, म्हणजे शेवटचें आलें, आणि बाद फेरींत सगळ्यांना हरवून अजिंक्य ठरलें. एकाच वर्षीं तळ आणि शिखर गांठणारा दुसरा संघ नाहीं. पण १९६६ नंतर ब्रन्स्विक स्ट्रीटवरचें घरचें मैदान सुटलें आणि तीस वर्षें हा संघ दुसऱ्यांच्या मैदानांवर बिऱ्हाड बदलीत राहिला. वस्ती बदलली होती. जुनें माणूस पांगलें होतें. अभिमान फुट्सक्रेहून तसूभरही कमी नव्हता, माणसें कमी होतीं आणि तीं लांब होतीं. फरक पडला तो एवढाच, आणि तेवढा पुरेसा झाला. कर्ज देणाऱ्यांत प्रशांत महासागरांतील चिमुकल्या नाउरू बेटाची विमा कंपनी होती. त्या बेटावर हाच खेळ मोठ्या आवडीनें खेळतात, हा एक दैवाचा खेळ. १९९६ च्या जूनमध्यें तिनें क्लबावर कारभारी बसविला. नॉर्थ मेलबर्नशीं जुळत आलेला विवाह इतर क्लबांनीं मोडला, कारण त्यांतून फार बलिष्ठ संघ निघेल अशी त्यांना धास्ती. आणि फिट्झरॉयचें लग्न ब्रिस्बेनशीं लागलें. येथें हॉथॉर्नप्रमाणें सभासदांचें मत कोणी घेतलें नाहीं. २५ ऑगस्टला मेलबर्नमधील शेवटचा सामना रिचमंडशीं झाला आणि फिट्झरॉय १५१ गुणांनीं हरलें. हरण्याची कोणाला क्षिति नव्हती. सामना संपल्यावर लोक उठले नाहींत, एवढेंच. पुढच्या आठवड्यांत पर्थ येथें आणखी एक पराभव, आणि खेळ आटोपला.

त्यानंतर फिट्झरॉयच्या अभिमान्यांचे तीन पंथ झाले. एक म्हणाला, सिंहाचें चिन्ह, रंग, आणि फ्रेंच राष्ट्रगीताच्या चालीवरचें गाणें ब्रिस्बेनला गेलें आहे. तेव्हां आपणही मनानें तिकडे जावें. २००१ पासून ओळीनें तीन वर्षें आणि पुन्हां २०२४ व २०२५ सालीं ब्रिस्बेन जिंकलें, तेव्हां या पंथाला आपला निर्णय फळाला आल्यासारखें वाटलें. दुसऱ्यानें फुटबॉल पाहणेंच सोडलें; कुलदैवत बदलतां येत नाहीं हें त्याचें म्हणणें, आणि त्याला उत्तर देणें कठीण आहे. तिसरा पंथ चिवट निघाला. कारभाऱ्याच्या हातून सुटल्यावर मूळ क्लब कायद्यानें जिवंतच होता. त्यानें २००९ पासून बिनपगारी खेळाडूंच्या लीगमध्यें, ब्रन्स्विक स्ट्रीटच्या त्याच जुन्या मैदानावर, पुन्हां संघ उतरविला. तेथें लाखाचा नव्हे, शेंकड्यांचा समुदाय जमतो. ब्रिस्बेनच्या चालकांनीं जर्सीवरील जुन्या सिंहाऐवजीं नव्या धर्तीचें सिंहाचें तोंड आणावयाचें ठरविलें, तेव्हां याच लहानशा क्लबानें त्यांना न्यायालयांत खेंचलें. २०१० सालीं नवें चित्र तरीही आलें. तें ब्रिस्बेनकडे गेलेल्यांनाही रुचलें नाहीं, इकडे राहिलेल्यांना तर नाहींच. आणि २०१५ च्या मोसमांत ब्रिस्बेनचे खेळाडू मैदानावर उतरले ते फिट्झरॉयचा जुना सिंह छातीवर घेऊन.